भाद्रपदातला दहीभात

सुधाताईंना रोगाचा त्रास होता तो होताच, पण त्याहून जास्त त्रास रोगाच्या निमित्तानं घरात येणाऱ्या माणसांचा होता. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि पंचवटीतल्या त्यांच्या फ्लॅटची बेल थांबेना. कुणी गव्हांकुराचा रस घेऊन यायचं, कुणी कसला तरी अर्क, कुणी नुसताच चेहरा. शेजारच्या मनीषानं तर 'पॉझिटिव्ह राहायचं हं काकू' असं दारातूनच सांगून पुढे भाजीला जायचा परिपाठ ठेवला होता. सुधाताई उशीला टेकून 'बरं' म्हणायच्या. त्याहून जास्त बोलायला तोंड उघडलं की पोट घशाशी यायचं. जिभेवर सारखी तांब्याच्या जुन्या पैशाची चव. वरणभाताचा वास आला तरी त्या भिंतीकडे तोंड करत. भिंत निदान काही सुचवत नसे.

तसा वैताग त्यांना नवा नव्हता. कळवणच्या शाळामास्तरांची ही मुलगी पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागली, धरणात पाणी किती आणि कालव्यात सोडलं किती याचा मेळ घालत निवृत्त झाली. तो मेळ कधीच बसत नसे. मधलं पाणी कुठं जातं हे साहेबालाही माहीत असे आणि शिपायालाही, फक्त कागदावर ते कुठंच जात नसे. लग्न झालं दिवाकर उपाध्यांशी. रामकुंडावरचं घराणं, यात्रेकरूंचे विधी करणारं. नवरा सज्जन, घाटावर वाघ आणि घरात पाहुणा. आणि लग्नाबरोबर आला धाकटा दीर, प्रफुल्ल.

प्रफुल्लचा आवाज असा होता, की घाटावर तो संकल्प सांगू लागला की शेजारचे यजमानसुद्धा हात जोडून उभे राहत. पंचविशीत असताना एका श्राद्धात यजमानांच्या पितरांची नावं घेता घेता तो मधेच थांबला, उजवीकडे कान देऊन ऐकू लागला आणि म्हणाला, "थांबा, तुमचंही घेतो." उजवीकडे कुणी नव्हतं. यजमान गहिवरले, दक्षिणा वाढवून दिली. घरात मोठी माणसं म्हणाली, पोराला काहीतरी सिद्धी लाभते आहे. सिद्धीच्या नादात वर्ष गेलं. तोवर प्रफुल्ल न्हाणीघरातल्या नळाशी भांडू लागला होता, जेवणाच्या ताटात आपलं नाव दिसतं म्हणून जेवेनासा झाला होता. शेवटी दवाखान्यात नेऊन ठेवायची पाळी आली. तिथून तो गोळ्या घेऊन बरा होऊन आला आणि घरी येताच गोळ्या बंद केल्या. का, तर तो वेडा नव्हता.

मग सुधाताईंनी आपल्यापुरता मार्ग काढला. गोळी खलात बारीक कुटायची, दहीभातात कालवायची, वर हिंगाची चरचरीत फोडणी. प्रफुल्ल खायचा. आवाज मागे सरायचे. गोळ्यांची नावं बदलत गेली, आता बरीच वर्षं ओलान्झापिन होती, खल तोच. मानसोपचाराचे डॉक्टर दर खेपेला म्हणायचे, त्यांना एकदा सांगून टाका. सुधाताई म्हणायच्या, सांगू. घरात एकाचं डोकं ठिकाणावर ठेवायचं तर शहाण्यांपैकी कुणीतरी थोडं लबाड व्हावं लागतं, हे त्यांना डॉक्टरपेक्षा जास्त कळत होतं. बाहेर कुणी कुजबुजलं की त्या ठणकावून सांगायच्या, त्यात काय आहे, बीपीची गोळी तशी ही.

प्रफुल्लनं घाट सोडला, पण नेम सोडले नाहीत. दर्भाची पवित्रकं वळायची, वाती करायच्या, खालून दूध आणायचं, आणि चातुर्मास काटेकोर पाळायचा. श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही, कार्तिकात डाळ नाही. एकादशा वेगळ्या. जगानं त्याच्याशी कसंही वागावं, पंचांग मात्र त्याच्याशी कधी खोटं बोललं नव्हतं.

केमोच्या दुसऱ्या खेपेनंतर सुधाताईंचं वजन असं उतरलं, की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. कर्करोगाच्या डॉक्टर यशश्री मुलगी शोभतील अशा वयाच्या. गोड बोलत नसत, म्हणून सुधाताईंना बऱ्या वाटत. त्यांनी स्पष्टच सांगितलं, की असंच घसरत राहिलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल, आणि गाठीला थांबायची सवय नाही. ओकारीच्या नेहमीच्या गोळ्या पुऱ्या पडत नव्हत्या. मग त्यांनी झोपताना घ्यायची एक छोटी गोळी लिहून दिली.

सुधाताईंनी नाव वाचलं. परत वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"ही गोळी माझ्या घरात आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या दिरासाठी. माझं डोकं फिरलेलं नाही, पोट फिरलंय."

"काकू, गोळीला वेडं-शहाणं कळत नाही. तिला फक्त जागा कळतात."

बाहेर पेशंट खोळंबले असतानाही यशश्रींनी समजावून सांगितलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते काही रसायनांच्या हाती. डोपामिन हे त्यातलं एक. समोरच्या पेशीवर त्या निरोपाला उतरायला ठरावीक जागा असतात. मेंदूच्या एका भागात हे रसायन उतू जायला लागलं की साध्या गोष्टींना भलताच अर्थ चिकटतो, पंख्याची घरघरसुद्धा आपल्याशी बोलू लागते. गोळी काय करते, तर त्या जागांवर आधीच जाऊन बसते. निरोप येतो, जागा भरलेली बघतो आणि परत फिरतो. आता, ओकारीचा कारभार चालतो मेंदूच्या बुडाशी. केमोचं विष रक्तात आलं की तिथंही हेच रसायन आणि त्याची दोनचार भावंडं धावत जाऊन आरोळी देतात, सगळं बाहेर टाका. तिथल्या जागांवरही हीच गोळी बसते. शिवाय आणखी काही जागा ती अडवते, त्या अडल्या की झोप येते आणि भूक लागते.

भूक. सुधाताईंना फरसाणाचा डबा आठवला. या गोळीपायी प्रफुल्लला भलत्या वेळी भूक लागायची, पोट सुटलं होतं, डॉक्टर साखर तपासत होते, आणि तो डबा त्या कुलपात ठेवायच्या.

"म्हणजे त्याला जो त्रास होतो तोच माझा उपाय?"

"असंच समजा. म्हणून तुम्हाला थोडीच मात्रा, थोडेच दिवस."

केमोनं अन्नावरची वासना मेलेल्या रुग्णांना ही गोळी कमी मात्रेत देऊन पाहिली आहे, आपल्या देशातही, आणि बऱ्याच जणांचं वजन सावरलं आहे, असं त्या म्हणाल्या. हिच्याच कुळातली एक जुनी गोळी न थांबणाऱ्या उचकीवर कधीपासून देतात. कुळातली आणखी काही औषधं क्षयाच्या जंतूंवर, कर्करोगाच्या पेशींवर कुठंकुठं तपासताहेत. "पण ते अजून काचेच्या बशीतलं आहे काकू. त्याचं मला विचारू नका. हिचं विचारा."

सुधाताईंनी काही विचारलं नाही. घरी येऊन त्यांनी ती पट्टी प्रफुल्लच्या गोळ्यांच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. बीपीची गोळी तशी ही, असं आयुष्यभर लोकांना सांगून आपण स्वतः त्यातला एक शब्दही मानत नव्हतो, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्याचाही त्यांना रागच आला. दिवाकररावांनी विचारलं, घेतलीस का. त्या म्हणाल्या, घेतली. एका माणसाला लबाडीनं गोळी खाऊ घालायची सवय असली की स्वतःची लबाडीनं न खाणं काही अवघड जात नाही.

स्वयंपाकघर दिवाकररावांच्या हाती गेलं, हा तर वेगळाच छळ. हजारो पिंड एका मापाचे वळलेल्या माणसाला पोळीला आकार देता येऊ नये, याचं सुधाताईंना खाटेवर पडल्यापडल्या नवल वाटे. आषाढात, अंगात अजून थोडा जोर होता तेव्हा, त्यांनी नवऱ्याकडून एवढं मात्र घोकून घेतलं होतं: प्रफुल्लची गोळी, संध्याकाळी, दहीभातात, बारीक कुटून, वर हिंग. दिवाकरराव ते मंत्रासारखं पाळत होते. कालवलेली वाटी टेबलावर झाकून ठेवायची आणि गोदेच्या आरतीला जायचं. परत आलं की वाटी घासून पालथी घातलेली असायची. वाटी पालथी म्हणजे गोळी पोटात. बाकी कशाची चौकशी करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

गणपती बसायच्या सुमाराची गोष्ट. एका संध्याकाळी प्रफुल्ल वाटी घेऊन सुधाताईंच्या खोलीत आला.

"वहिनी, दहीभात."

"नको रे. घेऊन जा."

"अन्न टाकायचं नसतं."

तो वाटी धरून उभाच राहिला. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा खाणं कमी कष्टाचं होतं. भात गार होता, दही आंबट नव्हतं. तांब्याच्या चवीपुढं कशाचीच चव कळत नव्हती, पण घास उतरला. दुसराही उतरला. त्या संध्याकाळी दिवे लागले तशा त्यांच्या पापण्या मिटल्या आणि उघडल्या तेव्हा दूधवाल्याची बेल वाजत होती.

मग रोजच तो वाटी आणू लागला आणि त्या खाऊ लागल्या. मळमळ ओसरली. एके दुपारी त्यांनी स्वतःहून पापड मागितला, तेव्हा दिवाकररावांनी देवापुढं साखर ठेवली. गणपतीत चक्क मोदक खाल्ला. दिवसभर जरा गुंगी असायची, पण ती केमोचीच असणार. मनीषानं याचं श्रेय आपल्या गव्हांकुरांना घेतलं. ते सगळे कुंडीत ओतले होते, हे सांगायचाही सुधाताईंना कंटाळा आला.

तपासणीला गेल्यावर काट्यावर वजन वाढलेलं निघालं. सुधाताईंनी तिथल्या तिथं यशश्रींना सुनावलं, की तुमची ती गोळी मी एकदाही घेतलेली नाही, हे सगळं दहीभाताचं काम आहे. बोलताना त्यांना इतकं बरं वाटलं, की ऑपरेशन झाल्यापासून तसं वाटलं नव्हतं. यशश्री रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, झोप कशी आहे, तोंडाला कोरड पडते का, उठताना गरगरतं का. तिन्हींना हो म्हणावं लागलं. त्यांनी भुवया उंचावल्या, म्हणाल्या, "दही चांगलंच दिसतंय," आणि पुढच्या डोसची तारीख दिली.

पितृपक्ष लागला. दिवाकररावांचे घाटावरचे सगळ्यात गर्दीचे दिवस. पहाटे जायचे ते उन्हं कलल्यावर यायचे, पुन्हा आरतीला. प्रफुल्ल या दिवसांत दर्भ वळत बसायचा. या वर्षी वळलेला दर्भ तो उलगडत होता. वळायचा आणि उलगडायचा. खिडकीच्या काचेला त्यानं वर्तमानपत्र चिकटवलं. सुधाताईंनी विचारलं तर म्हणाला, कावळे बघतात.

"पितृपक्षात कावळे नाही येणार तर काय मोर येणार?"

"येऊ देत. पण माझं नाव कशाला घेतात?"

सुधाताई चिडून काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मान किंचित उजवीकडे कललेली. ही कललेली मान त्यांनी पुष्कळ वर्षांत पाहिली नव्हती. दाढी वाढली होती. आपण खाटेवर पडून स्वतःच्या घासांचा हिशेब करत होतो आणि समोर माणूस बुडत होता.

दिवाकरराव घाटावरून आले, तसे सुधाताईंनी त्यांना पाय धुवायच्याही आधी गाठलं.

"अहो, त्याची गोळी घालता ना?"

"म्हणजे काय. रोज घालतो."

"कशात?"

"दहीभातात. तूच तर सांगितलंस. वर हिंगसुद्धा घालतो. आलो की वाटी घासून पालथी असते."

"दहीभातात," सुधाताई म्हणाल्या. मग थोडं थांबून: "भाद्रपदात?"

दिवाकरराव ओल्या धोतरानिशी तसेच उभे राहिले. गावाला तिथी सांगणारा हा माणूस; कुणाच्या आजोबांची अष्टमी की नवमी हे झोपेत सांगेल. आपल्या घरात भाद्रपद आला आहे, हे मात्र त्याला बायकोनं सांगावं लागलं. आणि बायकोनंही ते आषाढात सांगितलं नव्हतं. दरवर्षी श्रावण सरला की त्यांचा हात आपोआप दह्याकडून खिरीकडे वळायचा. हाताला माहीत असलेली गोष्ट तोंडानं सांगायची राहून गेली होती. नेम म्हणून प्रफुल्लनं दही खाल्लं नाही आणि अन्न टाकवेना म्हणून ते वहिनीला नेऊन दिलं. ती झोप, तो पापड, तो मोदक. काट्यावरचं ते वजन. दहीभाताचा तो सगळा रुबाब. दिराच्या वाटणीचं शहाणपण त्यांनी चमच्या-चमच्यानं खाल्लं होतं.

"तरीच," दिवाकरराव म्हणाले, "तुला इतकं सोसलं."

"तुम्ही गप्प बसा."

त्यांनी आधी प्रफुल्लच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, आजच चालू करा, उद्या घेऊन या, आणि आता तरी त्यांना सांगा. मग यशश्रींना. त्या म्हणाल्या, "काकू, तुमची मात्रा याहून बरीच कमी आहे. आता तुमची तुम्ही घ्या, त्यांची त्यांना द्या." फोन ठेवताना त्या हसल्या असाव्यात, असा सुधाताईंना संशय आला.

दिवाकररावांनी लगबगीनं दूध तापत ठेवलं. खीर करतो म्हणाले, तासाभरात पोटात जाईल. ते सोपं होतं. खल पुसलेला, गोळी तयार, वेलची पुष्कळ. सुधाताई स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धरून उभ्या राहिल्या. खिरीनं आजची संध्याकाळ निभावली असती. पण आपल्याला पुढचा डोस झेपला नाही, किंवा झेपूनही काही उपयोग झाला नाही, तर आश्विनात दूधही बंद होईल, हे या माणसाला कोण सांगणार? हा खिरीत गोळी घालत राहील आणि वाटी पालथी दिसली की आरतीला जाईल.

"गॅस बंद करा," त्या म्हणाल्या. "दोन पेले पाणी आणा."

जेवणाच्या टेबलावर त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी ठेवल्या आणि प्रफुल्लला हाक मारली. तो आला, पण बसला नाही.

"ही तुझी. ही माझी. नाव वाच."

त्यानं वाचलं. त्याचा वाचायचा आवाज अजून तसाच होता, प्रत्येक अक्षर स्वच्छ.

"तुलाही आवाज येतात?"

"एकच येतो. अन्न दिसलं की फेक म्हणतो."

"कुणाचा आहे?"

"माझाच. म्हणून जास्त वैताग येतो."

प्रफुल्लनं मान हलवली. हे त्याला पटण्यासारखं होतं. मग त्यानं स्वतःच्या पट्टीतल्या रिकाम्या झालेल्या घरांवरून बोट फिरवलं. ती बरीच होती.

"यातल्या कुठं गेल्या?"

"तुझ्या पोटात. दह्यातून. बरीच वर्षं."

दिवाकररावांनी डोळे मिटून घेतले. प्रफुल्ल विचार करत होता. रागावण्याआधी तो नेहमी पंचांगातून जात असे.

"भाद्रपदात?"

"खिरीत. या वर्षी चुकलं."

"आश्विनात दूध नसतं."

"वरणात."

"कार्तिकात डाळ नसते."

"पुन्हा दह्यात."

"एकादशीला?"

"भगरीत. नाहीतर शिंगाड्याच्या शिऱ्यात."

"निर्जळीला?"

एवढं विचारणार नाही, अशी सुधाताईंना आशा होती.

"तीर्थात," त्या म्हणाल्या. "पळीत विरघळवून."

प्रफुल्लचा चेहरा लाल झाला. इतकी वर्षं निर्जळी समजून केलेले उपास एकामागून एक त्याच्यासमोर मोडत असावेत. त्यानं पट्टी उचलली आणि सुधाताईंना वाटलं, आता खिडकीतून जाणार.

"देवाला विचारलं होतंस?"

"हो. दर वेळी."

"मग मलाच तेवढं विचारायचं राहिलं."

विचारणं त्यांनी कधी केलंच नव्हतं. केली ती फक्त फोडणी. त्यांनी आपल्या पट्टीतली छोटी गोळी काढली, जिभेवर ठेवली आणि पाण्याचा मोठा घोट घेतला. गोळी गेली.

"आ कर," प्रफुल्ल म्हणाला.

"काय?"

"दवाखान्यात करायला लावायचे. मी लबाडी करायचो म्हणून. आ कर. जीभ वर."

"प्रफुल्ल, ती तुझी वहिनी आहे," दिवाकरराव म्हणाले.

"दादा, तू मधे बोलू नकोस. तुला महिना कळत नाही."

सुधाताईंना हसू आलं आणि ते दाबताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग उपाध्यांच्या घरच्या थोरल्या सुनेनं, पाटबंधाऱ्यातल्या निवृत्त कारकुनानं, आपल्या वेड्या दिरासमोर तोंड उघडलं आणि जीभ वर उचलली. प्रफुल्ल वाकून बघत होता. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. वेळ लावला. बाहेर कठड्यावर कावळा ओरडला, तसं त्याचं डोकं तिकडं वळू लागलं. पण त्यानं ते परत आणलं, कारण तपासणी अर्धी राहिली होती.

"गेली," तो म्हणाला.

मग त्यानं स्वतःची गोळी तळहातावर घेतली. दुसऱ्या पेल्यात बोट बुडवून बघितलं, हे पाणीच आहे ना. गोळी तोंडात टाकली, प्यायला, आणि कुणी सांगायच्या आधीच सुधाताईंपुढं आ करून उभा राहिला.

त्यांनी चष्मा लावला आणि नीट बघितलं.